छत्री उघडल्यानंतर

सन १९१९ मधील एप्रिल महिन्याची २८ तारीख. अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहराजवळच्या मॅकुक फील्ड या लष्करी विमानतळावरून एक विमान वर गेले. त्यात लेस्ली अर्विन नावाचा एक तरुण बसला होता. विमान सुमारे १५०० फुटांवर पोहोचताच त्याने बाहेर उडी घेतली. त्याच्या पाठीवर घडी घातलेली हवाई छत्री होती. छत्रीच्या आधाराने आकाशातून उतरणे ही काही अगदी नवी गोष्ट नव्हती. १७९७ साली आंद्रे-जाक गार्नरँ या फ्रेंच साहसवीराने बलूनमधून तसे उतरून पॅरिसच्या लोकांना थक्क केले होते. परंतु अर्विनच्या काळी वापरात असलेल्या बहुतेक छत्र्या विमानाला किंवा बलूनला बांधलेल्या दोरीच्या ताणाने आपोआप उघडत असत. मोकळ्या हवेतून वेगाने पडणारा मनुष्य शुद्धीवर राहत नाही, त्याचे हात चालत नाहीत, अशी पुष्कळ जाणत्यांचीही समजूत होती. अर्विनने खाली पडत असता स्वतःच्या हाताने दोरी ओढली. छत्री फुलासारखी उमलली आणि ती समजूत खोटी ठरली.

या कथेचा शेवट मात्र फारसा सांगितला जात नाही. छत्री निर्दोष उघडली खरी, पण जमिनीवर टेकताना अर्विनच्या पायाचा घोटा मोडला. आकाशाने त्याला सुखरूप सोडले. जमिनीने सोडले नाही. हवाई छत्रीची विद्या शिकू इच्छिणाऱ्याने हा शेवटच आधी लक्षात ठेवावयास हवा. छत्री उघडली म्हणजे उडी संपली, असे नव्हे.

आज ही विद्या केवळ सैनिकांपुरती किंवा वैमानिकांपुरती राहिलेली नाही. स्कायडायव्हिंग या नावाने ती एक क्रीडा झाली असून अनेक देशांत तिचे रीतसर शिक्षण मिळते. अमेरिकेत या क्रीडेची युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन नावाची संस्था आहे. नवशिक्याने काय शिकावे, किती शिकावे आणि कोणत्या क्रमाने शिकावे, याचे नियम तिने घालून दिले आहेत. ते नियम पाहिले म्हणजे असे दिसते की, या विद्येचा पहिला पाठ आकाशात नव्हे, तर जमिनीवरच गिरवावा लागतो.

पहिल्या उडीपूर्वी विद्यार्थ्याचा बहुतेक दिवस वर्गात आणि मैदानावर जातो. प्रथम तो शरीराची ठेवण शिकतो. पोट खाली, कंबर पुढे रेटलेली, हातपाय किंचित वर आणि मान उंच. असा शरीराचा बाक साधला म्हणजे मनुष्य हवेत स्थिर राहतो. बॅडमिंटनचे फूल कसेही फेकले तरी त्याची जड बाजू खाली होते आणि पिसे वर राहतात. बाक दिलेल्या शरीराचेही तसेच होते. नंतर विद्यार्थ्याला पट्ट्यांनी अधांतरी टांगतात आणि छत्री नीट न उघडल्यास कोणती मूठ आधी ओढावयाची व कोणती नंतर, याचा सराव पुन्हा पुन्हा करवून घेतात. शेवटी पडावे कसे, हेही शिकवितात. पाय व गुडघे जुळवून आधी चवड्यांवर, मग पोटरी, मांडी, कंबर आणि पाठीची बाजू अशा क्रमाने अंग टेकविले म्हणजे आघात एकाच हाडावर न येता साऱ्या शरीरात वाटला जातो. लहान मूल चालावयास लागते तेव्हा त्याला पडणे कोणी शिकवीत नाही. येथे मात्र पडण्याचेही शास्त्र आहे.

मग विमान सुमारे १३,००० फुटांवर जाते. विद्यार्थी दारातून बाहेर पडतो तेव्हा दोन शिक्षक दोन्ही बाजूंनी त्याला धरून त्याच्याबरोबरच उडी घेतात. पहिल्या दहा सेकंदांत सारे जण सुमारे हजार फूट खाली येतात. तोवर त्यांचा वेग वाढत वाढत ताशी १९० किलोमीटरांच्या आसपास पोहोचतो. हवेचा विरोध आणि शरीराचे वजन यांची बरोबरी होते आणि वेग तेथेच स्थिरावतो. यापुढे दर हजार फुटांना साडेपाच-सहा सेकंद पुरतात. विद्यार्थी क्षितिजाकडे पाहतो, मनगटावरील उंचीमापकाकडे पाहतो, शिक्षकाच्या खुणेकडे पाहतो. छत्रीची मूठ नेमकी कोठे आहे, हे तो तीन वेळा हात नेऊन चाचपतो. सुमारे ५५०० फुटांवर तो मूठ ओढतो. एवढ्या अवधीत जेमतेम पाऊण मिनिट गेलेले असते.

या पाऊण मिनिटाचा विचार नीट करावयास हवा. प्राथमिक परवाना मिळविण्यासाठी विद्यार्थ्याला किमान २५ उड्या घ्याव्या लागतात. शिवाय लेखी परीक्षा असते आणि स्वतःच्या हाताने मुख्य छत्रीची घडी घालून दाखवावी लागते. प्रत्येक उडीत फार तर एक मिनिट मोकळे पडणे धरले, तरी २५ उड्यांत मिळून अर्धा तासही भरत नाही. शाळेच्या मैदानावर सायकल शिकणारा मुलगा एका संध्याकाळी यापेक्षा अधिक सराव करतो. परवाना हाती आला म्हणजे विद्या संपली, असे ज्याला वाटते त्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. म्हणूनच आता कित्येक विद्यार्थी उभ्या वाऱ्याच्या बोगद्यात सराव करतात. त्या बोगद्यात खालून वर इतक्या वेगाने हवा सोडलेली असते की मनुष्य तीवर तरंगत राहतो. जमिनीपासून फार वर न जाताही शरीर वळविण्याचा, थांबविण्याचा आणि स्थिर ठेवण्याचा अभ्यास तेथे घडतो. परंतु बोगद्यात छत्री उघडता येत नाही आणि छत्रीने उतरताही येत नाही. तो पाठ ज्याचा त्याने आकाशातच शिकावा लागतो.

आजची छत्री अर्विनच्या छत्रीसारखी गोल नसते. ती आयताकृती असून तिच्यात ओळीने कप्पे असतात. समोरून शिरणारी हवा कप्प्यांत भरली म्हणजे तिला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. म्हणूनच ती नुसती खाली येत नाही, तर पुढेही उडते. डावी दोरी ओढली की ती डावीकडे वळते, उजवी ओढली की उजवीकडे. जमीन दहा-बारा फुटांवर आली म्हणजे दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढावयाच्या असतात. तसे केले की वेग मोडतो आणि मनुष्य जिन्याची शेवटची पायरी उतरल्यासारखा जमिनीवर पाय ठेवतो. दोऱ्या लवकर ओढल्या तर छत्री उंचावर वेग हरवून बसते. उशिरा ओढल्या तर जमीन वाट पाहत नाही. उतरण्याचा मार्गही ठरलेला असतो. सुमारे हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, सहाशे फुटांवर आडवे वळण आणि तीनशे फुटांवर शेवटचे वळण घेऊन वाऱ्यासमोर, अशी ती चौकोनी वाट असते. वाऱ्याचा वेग ताशी १४ मैलांहून अधिक असेल, तर विद्यार्थ्याला उडीच घेऊ देत नाहीत. त्या दिवशी विमानतळावर बसून राहणे, हाही अभ्यासक्रमाचाच एक भाग आहे.

आता साहित्याच्या निवडीकडे वळावे. परवाना मिळाला की स्वतःचे साहित्य घ्यावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन छत्र्या असतात. एक मुख्य आणि दुसरी राखीव. मुख्य छत्रीची घडी ज्याची त्याने घालावी. राखीव छत्रीला मात्र परवानाधारक कारागिराचाच हात लागतो. त्याला रिगर असे म्हणतात. घडी घातल्यावर तो तिला मोहोर लावतो आणि अमेरिकेच्या नियमाप्रमाणे १८० दिवसांच्या आत ती उघडून, तपासून पुन्हा घडी घालावी लागते; मग ती एकदाही वापरलेली नसली तरी चालत नाही. जी वस्तू आयुष्यात एखाद्याच वेळी लागेल, तिचीच सर्वांत अधिक काळजी घ्यावी, असा हा नियम आहे.

मुख्य छत्री बिघडली तर तिला आधी सोडून द्यावे लागते, नाहीतर दोन्ही छत्र्या एकमेकींत गुंतण्याचा धोका असतो. पूर्वी हे काम अवघड होते. बिल बूथ या अमेरिकन कारागिराने १९७० च्या दशकात एक साधी युक्ती काढली. लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन कड्या त्याने एकीत एक ओवल्या. प्रत्येक कडी तरफेसारखे काम करून ओढ कमी करीत जाते. अखेरीस छत्रीचा सारा भार एका बारीक नाडीवर आणि तिच्यातून गेलेल्या तारेवर येऊन थांबतो. एक मूठ ओढून ती तार काढली की दोन्ही खांद्यांवरची छत्री तत्क्षणी सुटते. १९९१ साली हेल्मुट क्लोट या जर्मन संशोधकाने सायप्रेस नावाचे एक लहानसे यंत्र प्रचारात आणले. हवेच्या दाबावरून ते उंची व वेग ओळखते. मनुष्य बेशुद्ध पडला किंवा भांबावला आणि सुमारे ७५० फुटांवरही वेगाने पडतच राहिला, तर ते यंत्र स्वतःच राखीव छत्री मोकळी करते.

इतकी साधने असूनही निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. विद्यार्थ्यासाठी २५०० फूट ही निर्णयाची उंची ठरविली आहे. छत्री चांगली आहे की नाही, याचा निकाल त्या उंचीपर्यंत लागलाच पाहिजे. वेगाने पडणाऱ्या मनुष्यापाशी २५०० फुटांवर पंधरा सेकंदांहूनही कमी वेळ उरलेला असतो. तेवढ्यात नवा विचार सुचत नाही. जमिनीवर शंभर वेळा घोटलेला विचार तेवढा हाताशी येतो.

नवशिक्याची खरी परीक्षा मात्र मुख्य छत्रीचा आकार निवडताना होते. त्याचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल इतके सोपे आहे. उडी घेणाऱ्याचे वजन १४० पौंड आणि साहित्य व कपडे यांचे ३० पौंड, म्हणजे एकूण भार १७० पौंड झाला. नवशिक्याच्या छत्रीवर दर चौरस फुटाला एक पौंडाहून अधिक भार नसावा, असा संकेत आहे. तेव्हा त्याची छत्री निदान १७० चौरस फुटांची असावी. त्याहून मोठी असल्यास उत्तमच. छत्री जितकी लहान, तितकी तिची गती अधिक, वळण तीव्र आणि चुकीला क्षमा कमी. मोठी छत्री संथ असते. तिच्यावर बसून, म्हणजे तिच्याखाली लोंबकळून, अनुभवी लोकांसारखी झेप घेता येत नाही. पण हात चुकला, वारा फिरला, दोरी क्षणभर उशिरा ओढली गेली, तर ती सांभाळून घेते.

येथेच मोह उभा राहतो. अनुभवी खेळाडू लहान, रंगीत, चपळ छत्र्यांनी उतरत असतात. कोणी डोक्यावर छायाचित्रक लावलेला असतो, कोणी वटवाघळासारखा पंखांचा पोशाख घातलेला असतो. नवशिक्याला वाटते, आपणही आज ना उद्या तेथे पोहोचणारच. मग मोठी छत्री घेऊन पुन्हा बदलण्याचा खर्च कशाला? हा विचार काटकसरीचा दिसतो, पण त्याची किंमत फार मोठी असते. पंखांच्या पोशाखासाठी २०० उड्यांचा अनुभव आवश्यक आहे, आणि छायाचित्रकासाठीही तेवढाच अनुभव असावा असे जाणते सांगतात. हे आकडे कोणाला अडविण्यासाठी घातलेले नाहीत. ज्यांनी वाट पाहिली नाही, त्यांच्या अपघातांवरून ते शिकावे लागले आहेत. या क्रीडेतील अपघातांची नोंद पाहिली, तर एक गोष्ट मनाला चटका लावते. मृत्यू पावलेल्यांपैकी कित्येकांची छत्री पूर्णपणे आणि निर्दोष उघडलेली होती. जमिनीजवळ घेतलेल्या एका तीव्र वळणाने त्यांचा घात केला. अर्विनचा घोटा मोडला त्यास शंभरांहून अधिक वर्षे लोटली. परंतु त्याने नकळत दिलेला इशारा अजून शिळा झालेला नाही.

तीन कड्यांची युक्ती काढणाऱ्या बिल बूथ याने याविषयी केलेले निरीक्षण मोठे मार्मिक आहे. साधने जसजशी सुरक्षित होत जातात, तसतसे लोक अधिक धोका पत्करू लागतात आणि अपघात होते तेवढेच राहतात, असे त्याने अनुभवाने म्हटले आहे. ज्याने इतरांच्या रक्षणासाठी साधने घडविली, त्यानेच साधनांवर विसंबू नका असे सांगावे, यात फार मोठा अर्थ आहे. कड्या छत्री सोडवतील, यंत्र राखीव छत्री उघडील. परंतु जमिनीपासून दोनशे फुटांवर हात आवरण्याचे काम कोणतेही यंत्र करीत नाही.

म्हणून शहाणा नवशिक्या काय करतो? तो आरंभी भाड्याचे साहित्य वापरतो. जुने साहित्य विकत घ्यावयाचे झाल्यास आधी रिगरकडून तपासून घेतो. पट्टे आपल्या अंगाला नीट बसतात की नाही, मुठी सहज हाताला लागतात की नाही, हे पाहतो. छत्रीचा रंग शेवटी पाहतो. राखीव छत्रीही आपल्या वजनाला पुरेशी मोठी आहे ना, हे विचारावयास तो विसरत नाही. कारण ती उघडण्याची वेळ येईल ती नेमकी गोंधळाची असेल. मुख्य म्हणजे, आपल्या चांगल्यातल्या चांगल्या दिवशी आपण काय करू शकू, यावर तो छत्री निवडत नाही. थकलेल्या, बावरलेल्या, वाईट दिवशी आपले हात काय करतील, यावर तो ती निवडतो.

या विद्येत महाराष्ट्राचेही नाव आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली अंटार्क्टिकावर हवाई छत्रीने उडी घेतली. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमधील पट्टाया येथे त्यांनी चक्क नऊवारी लुगडे नेसून विमानातून उडी घेतली. ते छायाचित्र पाहताना साऱ्यांचे डोळे लुगड्याच्या काठापदराकडे जातात. परंतु नऊवारीवर आवळलेले पट्टे, डोक्यावरचे शिरस्त्राण, डोळ्यांवरचा चष्मा आणि पायांतील बूट यांकडे ज्याची दृष्टी वळेल, त्याला या विद्येचे मर्म कळले असे म्हणावे. वाऱ्याच्या त्या झोतात सैल पदराचे एक टोकही घातक ठरू शकते. हौस जेवढी मोठी, तेवढी तयारीही मोठी असावी लागते.

आकाशात उडी घेणे सगळ्यांच्या नशिबी नसते आणि त्याची आवश्यकताही नाही. परंतु आपली खरी योग्यता ओळखून तिला साजेसे साधन हाती घेण्याचा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला येतोच. मोठी, संथ छत्री घेऊन उतरणाऱ्या नवशिक्याकडे पाहून मैदानावर कोणी टाळ्या वाजवीत नाही. तो चौकोनी वाटेने सावकाश येतो, वाऱ्यासमोर होतो, दोन्ही दोऱ्या ओढतो आणि दोन पावले चालून उभा राहतो. मग खाली पसरलेली छत्री गोळा करून तो निमूटपणे घडी घालावयास बसतो. कारण पुढच्या उडीची सुरुवात तेथूनच होते.

शब्दार्थ

अधांतरी : जमिनीचा आधार नसताना, मधल्या मध्ये. तरफ : कमी बळाने जड वस्तू हलविण्याचे साधन. मोहोर : शिक्का. संकेत : सर्वांनी मान्य केलेला नियम. शिरस्त्राण : डोक्याचे रक्षण करणारे टोप. मार्मिक : वर्मावर नेमके बोट ठेवणारे.

स्वाध्याय

१. 'आकाशाने त्याला सुखरूप सोडले. जमिनीने सोडले नाही.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

२. परवाना मिळविलेला विद्यार्थीही नवशिक्याच का समजला जातो? पाठातील हिशेबाच्या आधारे लिहा.

३. एका मुलीचे वजन ११० पौंड असून तिचे साहित्य व कपडे यांचे वजन २८ पौंड आहे. पाठात दिलेल्या संकेताप्रमाणे तिची छत्री निदान किती चौरस फुटांची असावी?

४. राखीव छत्री न वापरताही ठरावीक मुदतीत का उघडावी लागते, असे तुम्हांस वाटते? तुमच्या घरातील अशाच एखाद्या वस्तूचे उदाहरण द्या.

५. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : संथ, निर्दोष, सैल, सुखरूप.

६. 'साधन आणि शहाणपण' या विषयावर दहा ओळी लिहा.